नैरोबी ते लागोस: ३,८३० किलोमीटर आणि पाच तासांचा हिशेब

नैरोबी आणि लागोस या दोन शहरांमधले अंतर किती, असे विचारले तर एका ठिकाणी ३,८१० किलोमीटर असे उत्तर मिळते आणि दुसऱ्या ठिकाणी ३,८३०. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पहिले अंतर शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत मोजलेले असते, तर दुसरे विमानतळापासून विमानतळापर्यंत. नैरोबीचा जोमो केन्याटा विमानतळ शहराच्या आग्नेयेला, म्हणजे लागोसच्या विरुद्ध बाजूला आहे. लागोसचा मुर्तला मुहम्मद विमानतळ इकेजा भागात, लागोस बेटाच्या वायव्येला, म्हणजे पूर्वेकडून येणाऱ्याला शहर ओलांडून पलीकडे पडतो. दोन्ही विमानतळ अशा रीतीने बाहेरच्या अंगाला असल्यामुळे वीसेक किलोमीटर वाढतात.

अंतराच्या उत्तरांत फरक एवढाच. वेळेच्या उत्तरांत मात्र सव्वाचार तासांपासून पंधरा-सोळा तासांपर्यंत काहीही सापडते. सव्वाचार तास हा निव्वळ भागाकार असतो, पाच-साडेपाच तास हे थेट विमानाचे वेळापत्रक असते आणि त्याहून मोठे आकडे वाटेत विमान बदलणाऱ्यांचे असतात. मुंबईहून नायजेरियात कामाला जाणारे पुष्कळ लोक नैरोबी किंवा आदिस अबाबा येथे विमान बदलतात, त्यामुळे हे आकडे मराठी घरांतही विचारले जातात. एका अंतराच्या पोटी इतके वेगवेगळे वेळ का निघतात, हे समजून घेतले तर आफ्रिकेतल्या कुठल्याही दोन शहरांमधल्या प्रवासाचा अंदाज आपला आपल्याला बांधता येतो. माझ्या मते किलोमीटर हा या प्रश्नातला सर्वांत सोपा भाग आहे; वेळ ठरवतात ते विमान, वारा आणि खालच्या देशांचे एकमेकांशी असलेले संबंध.

आधी अंतर. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे आणि त्याचे ३६० अंश केले तर एका अंशाला साधारण १११ किलोमीटर येतात. उत्तर-दक्षिण दिशेने म्हणजे अक्षांशांत हे माप सगळीकडे जवळजवळ सारखेच राहते. विमानवाहतुकीत वापरला जाणारा नॉटिकल मैलही इथूनच आला आहे: अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक नॉटिकल मैल, आणि तो १.८५२ किलोमीटरचा. पूर्व-पश्चिम दिशेने म्हणजे रेखांशांत मात्र हे माप बदलते, कारण सगळी रेखावृत्ते ध्रुवांकडे जाताना एकमेकांच्या जवळ येत जातात. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा असतो, ३२ अंश अक्षांशावर तो ९४ किलोमीटरचा होतो आणि ध्रुवावर शून्य.

नैरोबी विषुववृत्ताच्या दक्षिणेला १.३ अंशावर आहे, लागोस उत्तरेला ६.६ अंशावर. दोघांच्या अक्षांशांतला फरक ७.९ अंशांचा. रेखांश अनुक्रमे ३६.९ आणि ३.३ पूर्व, म्हणजे फरक ३३.६ अंशांचा. दोन्ही शहरे विषुववृत्ताच्या इतकी जवळ आहेत की येथे शाळेतला पायथागोरसचा नियम सरळ लावता येतो. ७.९ गुणिले १११ म्हणजे ८७७ किलोमीटर ही एक बाजू, ३३.६ गुणिले १११ म्हणजे ३,७३० किलोमीटर ही दुसरी बाजू. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करावी आणि वर्गमूळ काढावे, की ३,८३१ किलोमीटर हे उत्तर येते. गोलावरच्या भूमितीचे पूर्ण सूत्र वापरूनही उत्तर ३,८३० च्या आसपासच येते. वहीच्या पानावर पाच ओळींत दोन दूरच्या महानगरांमधले अंतर काढता यावे, याचा मला स्वतःला फार आनंद वाटतो आणि ज्यांच्या घरी शाळेत जाणारी मुले आहेत त्यांनी हे गणित मुलांकडून जरूर करून घ्यावे.

हीच युक्ती आफ्रिकेच्या उत्तर टोकाला चालत नाही. मोरोक्कोमधले कासाब्लांका आणि इजिप्तची राजधानी कैरो यांच्या रेखांशांत ३९ अंशांचा फरक आहे, म्हणजे नैरोबी-लागोसपेक्षा पाच अंशांहून अधिक. तरीही त्यांच्यातले अंतर सुमारे ३,६८० किलोमीटर, म्हणजे नैरोबी-लागोसपेक्षा कमी भरते. ही शहरे ३० ते ३३ अंश उत्तरेला असल्यामुळे तेथे रेखांशाचा प्रत्येक अंश आखूड झालेला असतो. नकाशावर हे दिसत नाही, उलटेच दिसते. भिंतीवर टांगायच्या पुष्कळशा जुन्या नकाशांत ध्रुवांकडचे प्रदेश फुगवलेले आणि विषुववृत्ताजवळचे त्यांच्या तुलनेत आकसलेले असतात. त्यामुळे ग्रीनलंड आफ्रिकेच्या तोडीचे भासते, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट मोठी आहे. आफ्रिकेचे क्षेत्रफळ सुमारे तीन कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या नऊपट. आफ्रिकेतल्या प्रवासाचे अंदाज चुकण्याचे हे एक मोठे कारण आहे, असे मला वाटते. आपण नकाशात बोटभर अंतर पाहतो आणि ते मुंबई-दिल्लीएवढे असेल असे समजतो.

सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा. दोऱ्याचे एक टोक नैरोबीवर आणि दुसरे लागोसवर धरून दोरा ताणला, की तो आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर बसतो. या वाटेला भूमितीत बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. तोच दोरा उचलून विषुववृत्तावर ठेवला की तो किती अंश व्यापतो ते मोजता येते: साडेचौतीस अंशांच्या थोडे आत. त्याला १११ ने गुणले की पुन्हा तेच ३,८३०.

त्या दोऱ्याखाली काय काय येते तेही पाहण्यासारखे आहे. नैरोबीहून निघाल्यावर रिफ्ट खोऱ्याचा खोलगट पट्टा, मग व्हिक्टोरिया सरोवर, युगांडाचा भाग, त्यानंतर काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचे उत्तरेकडचे घनदाट अरण्य, उबांगी नदी, मग कॅमेरूनचे जंगल आणि शेवटी नायजर नदीचा त्रिभुज प्रदेश. प्रवासाचा मधला जवळजवळ अर्धा भाग अशा जंगलावरून जातो की खाली मोठे शहर औषधालाही सापडत नाही. जमिनीवरून जायचे म्हटले तर लागोस ते मोंबासा असा आफ्रिका खंड आडवा छेदणारा महामार्ग आखलेला आहे. त्याची आखणीतली लांबी सुमारे ६,२६० किलोमीटर असून तो नैरोबीवरून जातो, परंतु मध्य आफ्रिकेत तो सलग पक्का झालेला नाही आणि काँगोतल्या टप्प्यात रस्ता जंगलात हरवतो. म्हणून या दोन शहरांच्या बाबतीत विमानाचे अंतर हेच व्यवहारातले अंतर ठरते.

आता वेळ. बोईंग ७८७ हे मोठे विमान उंचीवर ताशी सुमारे ९०० किलोमीटरने जाते, बोईंग ७३७ सारखे लहान विमान सुमारे ८३० ने. केनिया एअरवेजच्या ताफ्यात ही दोन्ही आहेत. ३,८३० ला ९०० ने भागले की सव्वाचार तास येतात आणि पुष्कळ ठिकाणी हाच आकडा ‘उड्डाणाचा वेळ’ म्हणून दिलेला असतो. पण विमान धावपट्टीवरून उठल्याबरोबर ताशी ९०० ने जात नाही. पहिली वीस-पंचवीस मिनिटे ते चढत असते, शेवटची तेवढीच मिनिटे उतरत असते, आणि साधारण ३,००० मीटरच्या खाली असताना बहुतेक ठिकाणी ताशी ४६० किलोमीटरच्या आसपासची वेगमर्यादा पाळावी लागते. शिवाय हवाई मार्ग ठरावीक बिंदूंवरून आखलेले असतात, उतरण्यापूर्वी धावपट्टीच्या दिशेला वळावे लागते, आणि म्हणून प्रत्यक्ष उडालेले अंतर सरळ रेषेपेक्षा थोडे जास्त होते.

समजा ते ३,९५० किलोमीटर झाले. त्यातले चढण्या-उतरण्याचे ४५० किलोमीटर पाऊण तासात गेले असे धरू. उरलेल्या ३,५०० किलोमीटरना मोठ्या विमानाला तीन तास त्रेपन्न मिनिटे लागतील, लहान विमानाला सव्वाचार तासांच्या आतबाहेर. म्हणजे हवेतला वेळ अनुक्रमे सुमारे चार तास चाळीस मिनिटे आणि पाच तास. यात विमानतळावर जमिनीवरून सरकण्याची वीस-पंचवीस मिनिटे मिळवली की पाच ते साडेपाच तासांचा आकडा तयार होतो. तिकिटावर छापलेला वेळ हाच असतो. विमानवाहतुकीत याला ब्लॉक टाइम म्हणतात, कारण विमान उभे असताना चाकांना लावलेल्या अटकणी काढल्यापासून दुसऱ्या गावी त्या पुन्हा लावेपर्यंतचा तो वेळ असतो. प्रवाशाच्या दृष्टीने हाच आकडा खरा मानावा, कारण विमान धावपट्टीच्या टोकाशी रांगेत उभे असले तरी आपण आत पट्टा बांधून बसलेलो असतो.

येथे नैरोबीच्या उंचीबद्दल थोडे सांगितले पाहिजे. जोमो केन्याटा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,६२४ मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर, देवीच्या देवळापाशी धावपट्टी बांधली तर जी हवा मिळेल जवळजवळ तीच हवा नैरोबीच्या विमानांना मिळते. ती समुद्रकिनाऱ्याच्या हवेपेक्षा सुमारे पंधरा टक्के विरळ असते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनांचा जोरही कमी पडतो, त्यामुळे उड्डाणासाठी जास्त धावावे लागते. नैरोबीची धावपट्टी चार किलोमीटरहून अधिक लांब आहे ती यासाठी. जोहान्सबर्गचा विमानतळ कळसूबाईपेक्षाही उंच, सुमारे १,६९४ मीटरवर आहे, आणि आदिस अबाबाचा तर २,३३० मीटरच्या वर. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या विमान कंपन्यांना मार्ग आखताना हा विचार सतत करावा लागतो. वजन बेतात ठेवावे लागते, आणि लांबच्या पल्ल्याची विमाने दुपारच्या उन्हापेक्षा गार वेळेला सोडणे सोयीचे ठरते. लागोसचा विमानतळ मात्र जेमतेम ४० मीटरवर आहे. पाच तासांच्या मार्गावर या उंचीमुळे वेळेत लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही. फरक पडतो तो किती माणसे, किती सामान आणि किती इंधन घेता येईल यात.

वाऱ्याचा फरक मात्र थेट घड्याळात दिसतो. विमानाचा वेग हवेच्या संदर्भात असतो, जमिनीच्या नव्हे. हवाच पुढे सरकत असेल तर विमान तिच्यासोबत वाहून लवकर पोहोचते. उत्तर अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांत जाताना आणि येताना एक तासाचा फरक सहज पडतो. विषुववृत्ताजवळ उंचावरचे वारे त्या मानाने मवाळ असतात आणि त्यांची दिशाही बहुधा उलट, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे असते. ताशी ३० किलोमीटरचा वारा धरला तर वरच्या हिशेबातले ३,५०० किलोमीटर नैरोबीहून लागोसला जाताना साडेसात मिनिटे लवकर सरतील आणि परतताना आठ मिनिटे उशिरा.

पूर्वेकडून येणाऱ्या या वाऱ्यांचा आपल्या पावसाळ्याशी जवळचा संबंध आहे. जून ते सप्टेंबर या काळात तिबेटच्या पठारावरची हवा तापते, त्यातून दक्षिण भारतावर खूप उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे धावणारा वाऱ्याचा जोरदार झोत तयार होतो आणि तो अरबी समुद्र ओलांडून थेट पश्चिम आफ्रिकेपर्यंत जातो. त्याचा गाभा प्रवासी विमानांच्या उंचीच्या थोडा वर असतो, पण त्याची खालची बाजू विमानांना जाणवते. १९५० च्या दशकात या झोताचा पद्धतशीर अभ्यास मांडला तो भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी, जे पुढे भारतीय हवामान खात्याचे महासंचालक झाले. सह्याद्रीवर पाऊस कोसळत असताना त्याच व्यवस्थेतला वारा नैरोबी-लागोस विमानाच्या पाठीशी असतो, ही गोष्ट मला भूगोलाच्या पुस्तकातल्या कुठल्याही धड्यापेक्षा जास्त बोलकी वाटते.

कासाब्लांका आणि कैरो यांच्यामध्ये परिस्थिती वेगळी. तेथे हिवाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार झोत असतो, त्यामुळे कैरोला जाताना वेळ कमी लागतो आणि परतताना ठळकपणे जास्त. अंतर एकच, वेळ दोन.

वाऱ्याबरोबर ढगांचाही विचार करावा लागतो. काँगोचे खोरे हा जगातल्या सर्वाधिक विजा पडणाऱ्या प्रदेशांपैकी एक आहे. तेथे दुपारनंतर उभे राहणारे गडगडाटी ढग पंधरा किलोमीटरपर्यंत चढतात, विमाने त्याहून खालीच उडतात, म्हणून अशा ढगांच्या वरून जाण्याचा मार्ग नसतो. वैमानिक रडारवर ढगाचा गाभा पाहून बाजूने वळसा घेतो. एकेका वळशाला चार-दोन मिनिटे लागतात. तिकिटावरच्या वेळेत यासाठी थोडी सवड आधीच धरलेली असते.

वळसा घ्यायला लावणारे दुसरे कारण हवामानाचे नाही आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरच्या आकाशावर संपूर्ण हक्क असतो, हे तत्त्व १९४४ च्या शिकागो कराराने पक्के केले. त्या हक्कात आकाश बंद करण्याचा हक्कही येतो. १५ एप्रिल २०२३ रोजी खार्तूममध्ये लढाई पेटली आणि सुदानची हवाई हद्द नागरी विमानांना बंद झाली. कैरो ते नैरोबी किंवा कैरो ते आदिस अबाबा ही सरळ रेषा सुदानवरूनच जाते, त्यामुळे तेथील विमानांना तांबड्या समुद्राच्या आणि सौदी अरेबियाच्या बाजूने फिरून जावे लागले. त्याच वर्षी २६ जुलै रोजी नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली, ६ ऑगस्टला तेथील आकाश बंद झाले आणि ४ सप्टेंबरला ते उघडेपर्यंत सहारा ओलांडणाऱ्या विमानांना महिनाभर लांबची वाट धरावी लागली. पृथ्वीगोलावरचा दोरा त्या महिन्यातही तेवढाच होता.

कासाब्लांका-कैरो मार्गावर तर याचा आणखी बारीक परिणाम दिसतो. २२ सप्टेंबर २०२१ रोजी अल्जीरियाने आपली हवाई हद्द मोरोक्कोच्या विमानांना बंद केली. ही बंदी मोरोक्कोत नोंदलेल्या विमानांवर आहे, इजिप्तच्या विमानांवर नाही. म्हणून त्याच दोन शहरांमध्ये मोरोक्कोच्या कंपनीच्या विमानाला भूमध्य समुद्रावरून वर जावे लागते, तर इजिप्तच्या कंपनीच्या विमानाला तशी सक्ती नाही. एकाच प्रवासाचे अंतर विमानाच्या शेपटीवर कुठल्या देशाची नोंद आहे त्यावरून बदलते. आणि कासाब्लांका ते अल्जीयर्स हे अंतर जेमतेम १,०५० किलोमीटरचे असूनही तेथे थेट विमाने उरली नाहीत. प्रवाशांना ट्यूनिसमार्गे किंवा समुद्रापलीकडच्या स्पेन-फ्रान्समार्गे जाण्याची वेळ आली. सीमेच्या दोन बाजूंना सोयरीक असलेली कुटुंबे आहेत. दीड-दोन तासांत होणाऱ्या भेटीसाठी त्यांना दिवस घालवावा लागणे ही मन दुखावणारी गोष्ट आहे.

हा प्रकार नवा नाही. वर्णभेदी राजवटीच्या विरोधात १९६३ मध्ये आफ्रिकेतल्या अनेक स्वतंत्र देशांनी दक्षिण आफ्रिकेच्या विमानांना आपले आकाश नाकारले, तेव्हा जोहान्सबर्गहून युरोपकडे जाणाऱ्या त्या विमानांना आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या फुगवट्याला वळसा घालून समुद्रावरून जावे लागत असे आणि इंधनासाठी लुआंडा, लास पाल्मास किंवा साल बेटावर थांबावे लागत असे. तेथे मिनिटांचा नव्हे, तासांचा फरक पडत होता, आणि तो न्यायासाठी मुद्दाम पाडलेला फरक होता.

घड्याळाचा गोंधळ मात्र समजला की संपतो. नैरोबी आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेच्या तीन तास पुढे आहे, लागोस एक तास पुढे. म्हणजे नैरोबीत सकाळचे आठ वाजले असतील तर लागोसमध्ये सहा वाजलेले असतात. (भारतातून पाहिले तर नैरोबी अडीच तास मागे आणि लागोस साडेचार तास मागे.) सकाळी आठला निघालेले विमान पाच तास वीस मिनिटांनी उतरते तेव्हा नैरोबीत एक वीस झालेले असतात, पण तिकिटावर लागोसची वेळ अकरा वीस अशी छापलेली असते. तिकीट वाचणाऱ्याला प्रवास तीन तास वीस मिनिटांचा वाटतो, आणि परतीचे तिकीट वाचताना तोच प्रवास सव्वासात तासांच्या वर गेल्यासारखा. दोन्ही वेळा स्थानिक असतात एवढे लक्षात ठेवले की पुरे. मोरोक्कोच्या बाबतीत मात्र आणखी सावध राहावे, कारण तो देश रमजानच्या महिन्यात आपले घड्याळ एक तास मागे घेतो, आणि इजिप्तने २०२३ पासून उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करण्याची पद्धत पुन्हा सुरू केली आहे. कासाब्लांका आणि कैरो यांच्या वेळेतला फरक त्यामुळे वर्षभर सारखा नसतो.

पूर्व आफ्रिकेत याहून वेगळी एक गोष्ट आढळते. स्वाहिली भाषेत तास मध्यरात्रीपासून नव्हे, सूर्योदयापासून मोजतात. ‘सा मोजा’ म्हणजे शब्दशः पहिला तास, आणि तो आपल्या सकाळी सात वाजता असतो. ‘सा म्बिली’ म्हणजे दुसरा तास, आपले आठ. इथिओपियातही बोलण्यात अशीच मोजणी चालते. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर जवळजवळ एकाच वेळी उगवतो, तेव्हा ही पद्धत तेथे अगदी नैसर्गिक आहे. आपल्याकडेही घटका सूर्योदयापासूनच मोजत असत. विमानाची तिकिटे सगळीकडे चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे छापतात, पण विमानतळावर सोडणाऱ्या गाडीवाल्याशी स्वाहिलीत किंवा अम्हारिकमध्ये वेळ ठरवताना तो कुठले घड्याळ सांगतो आहे ते विचारून घ्यावे. सहा तासांचा फरक हा विमान चुकण्याइतका मोठा असतो.

आता शेवटचा आणि सर्वांत जड मुद्दा: थेट विमान मिळाले नाही तर? नैरोबी-लागोसला थेट सेवा आहे, पण ती हव्या त्या दिवशी, हव्या त्या भाड्यात मिळेलच असे नाही. आदिस अबाबामार्गे गेले तर नैरोबी ते आदिस सुमारे १,१६० किलोमीटर आणि आदिस ते लागोस सुमारे ३,९२० किलोमीटर, मिळून ५,०८० किलोमीटर होतात. हवेतला वेळ सुमारे सात तास, मध्ये दोन-तीन तासांची प्रतीक्षा, म्हणजे नऊ-दहा तासांचा प्रवास. दुबईमार्गे गेले तर पहिला टप्पा ३,५६० आणि दुसरा ५,९०० किलोमीटरचा, एकूण ९,४५० च्या घरात, म्हणजे सरळ अंतराच्या जवळजवळ अडीचपट. तेरा तास हवेतच जातात. पश्चिमेला जायचे असताना आधी ईशान्येला आशियात जायचे आणि मग संपूर्ण आफ्रिका ओलांडून परत यायचे, असा हा मार्ग आहे, आणि तरीही कधीकधी तोच स्वस्त पडतो.

असे का होते? वसाहतींच्या काळात आफ्रिकेतले रस्ते, रेल्वे आणि विमाने ही लंडन, पॅरिस, लिस्बन यांच्याशी जोडलेली होती. शेजारच्या वसाहतीशी जोडण्याची सत्ताधाऱ्यांना गरज नव्हती. स्वातंत्र्यानंतर प्रत्येक देशाने आपली विमान कंपनी काढली आणि तिला जपण्यासाठी दुसऱ्यांच्या विमानांना परवाने हात राखून दिले. दोन देशांमधली विमाने किती, कुठल्या कंपनीची, आठवड्यातून किती वेळा, हे सगळे त्या दोन देशांच्या आपसांतल्या करारावर अवलंबून असते. एखाद्या केनियाच्या कंपनीला लागोसमध्ये प्रवासी चढवून पुढे आक्राला उतरवायचे असतील तर नायजेरिया आणि घाना दोघांचीही संमती लागते. ही संमती मिळाली नाही तर विमानातल्या रिकाम्या जागा रिकाम्याच उडतात, आणि रिकाम्या जागांचा खर्च भाड्यात येतो. त्यावर विमानतळांचे चढे कर असतात. भाडे महाग म्हणून प्रवासी कमी, प्रवासी कमी म्हणून विमाने कमी, हे चक्र असे चालते.

ते मोडण्याचा प्रयत्न आफ्रिकी देशांनी स्वतःच केला आहे. आयव्हरी कोस्टमधल्या यामुसुक्रो येथे १९८८ मध्ये घोषणा झाली, १९९९ मध्ये तिचे रूपांतर एकमेकांना आकाश खुले करण्याच्या निर्णयात झाले, आणि २८ जानेवारी २०१८ रोजी आफ्रिकी महासंघाने २३ देशांसह आफ्रिकेची एकच हवाई बाजारपेठ जाहीर केली. अंमलबजावणी धिमी आहे. पण ज्या कंपन्यांनी आफ्रिकेच्या आतच जाळे विणले त्यांनी काय साधता येते ते दाखवले आहे. इथिओपियन एअरलाइन्सचे पहिले विमान ८ एप्रिल १९४६ रोजी आदिस अबाबाहून अस्माराला थांबून कैरोला गेले, म्हणजे तिचा पहिला आंतरराष्ट्रीय मार्गच आफ्रिकेतल्या दोन शहरांमधला होता. आज ती कंपनी आदिसमधून खंडाच्या चारी दिशांना जाते, आणि टोगोमधल्या लोमे येथील असकाय या तिच्या भागीदार कंपनीमुळे पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक राजधान्या एकमेकींना जोडल्या गेल्या आहेत.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाची जोडी काँगो नदीच्या दोन काठांवर आहे. किन्शासा आणि ब्राझाव्हिल या दोन वेगळ्या देशांच्या राजधान्या समोरासमोर वसल्या आहेत. एका काठावर उभे राहिले की दुसऱ्या काठावरच्या इमारती डोळ्यांनी दिसतात. एक बेल्जियमची वसाहत होती, दुसरी फ्रान्सची. दोन्हींचे घड्याळ एकच आहे. दोन्हींच्या विमानतळांमध्ये सरळ अंतर सुमारे २६ किलोमीटरचे, आणि त्यांच्यामध्ये प्रवासी विमाने उडालेली आहेत: विमान वर जाते आणि उंची गाठण्याआधीच उतरायला लागते. वरच्या पद्धतीने हिशेब केला तर येथे ताशी ९०० चा टप्पा येतच नाही. सगळा वेळ विमानतळावर लवकर पोहोचण्यात, दोन देशांच्या पारपत्र तपासणीत आणि दोन्हीकडच्या शहरांतल्या रहदारीत जातो. दोन शहरांमध्ये पूल नाही. म्हणून रोजचे प्रवासी विमानाच्या वाटेला जात नाहीत. किन्शासाच्या बीच न्गोबिला धक्क्यावर कागदपत्रे दाखवून बोटीत बसतात आणि थोड्याच वेळात नदी ओलांडून ब्राझाव्हिलच्या धक्क्याला लागतात.